नाहीतरी त्यांना काय मिळणार होतं?

विज्ञान कुणाच्या बापाची इस्टेट नाही. पोथीनं आपल्याला माणसातून उठवलं; विज्ञानानं निदान रक्त तपासून सांगितलं की बाटणारं रक्त आणि बाटवणारं रक्त यात काडीचा फरक नाही. तेव्हा विज्ञानाच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बुवा-महाराजांच्या रांगेत मी उभा नाही. पण मित्रांनो, विज्ञान हवेत होत नाही. औषध असो की तपासणी, ती कुणावर तरी करून पाहावी लागते. हा ‘कुणीतरी’ कोण असतो, त्याला कुणी निवडलं आणि त्याला काय सांगितलं, एवढंच मला इथं विचारायचं आहे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एक बातमी फुटली. अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. त्या भागात १९३२ पासून अमेरिकन सरकारचं आरोग्य खातं सहाशे काळ्या पुरुषांचा ‘अभ्यास’ करत होतं. त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता, २०१ जणांना नव्हता. बहुतेक सगळे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबणारे. रोगाचं नाव त्यांना कुणी सांगितलंच नाही. ‘तुमचं रक्त खराब आहे’, एवढंच. बदल्यात काय मिळालं? तपासणीच्या दिवशी गरम जेवण, जायला-यायला गाडी आणि मेल्यावर दफनाचा खर्च. हा शेवटचा उदारपणा तरी कशासाठी? तर मढं चिरून बघायला मिळावं म्हणून. पाठीच्या कण्यात सुई खुपसून पाणी काढलं, तेसुद्धा ‘खास फुकट उपचार’ म्हणून सांगून.

१९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन आलं. गरमीवर रामबाण ठरलं. या लोकांना ते दिलं नाही. रोग शेवटपर्यंत माणसाला कसा खातो, हे डॉक्टरांना बघायचं होतं. आणि हे काही तळघरात लपूनछपून चाललं नव्हतं. वैद्यकाच्या मासिकांत त्यावर लेख छापून येत होते. शिकलेले, सभ्य लोक ते वाचत होते आणि पान उलटत होते. पीटर बक्स्टन नावाच्या त्याच खात्यातल्या एका माणसानं १९६६ साली तक्रार केली; ती साहेबांनी गुंडाळून ठेवली. शेवटी त्यानं कागद पत्रकारांच्या हाती दिले, तेव्हा चाळीस वर्षं चाललेलं हे दुकान बंद झालं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननं माफी मागितली ती १९९७ साली. त्या वेळी सहाशेपैकी फक्त आठ जण जिवंत होते.

या डॉक्टरांचा बचाव नीट ऐका. ते म्हणाले, आम्ही कुणाला रोग दिला नाही. या गरिबांना नाहीतरी कुठं उपचार मिळणार होते? आम्ही फक्त पाहत होतो.

हे वाक्य तुम्ही दुसरीकडं कुठं ऐकलंय का? मी ऐकलंय. आपल्याच मुंबईत.

१९९८ साली टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं बाया मरतात. व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासलं, तर हे मरण टळतं का, हे बघायचं होतं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बाया घेतल्या. वस्त्यांच्या चिठ्ठ्या पाडल्या. ७५,३६० बायांची दर दोन वर्षांनी तपासणी, अशी चार वेळा. उरलेल्या ७६,१७८ बायांना एकदा कॅन्सरविषयी माहिती सांगितली. तपासणी नाही.

निकाल आला २०१३ साली. तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. लाखामागं वर्षाला ११.१, तर दुसऱ्या गटात १६.२. ही तपासणी करणाऱ्या पोरी कोण होत्या? दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या. हा निकाल मोठा आहे आणि मी तो छोटा करणार नाही. महागडी प्रयोगशाळा नसतानाही बाईचा जीव वाचतो, हे त्यातून सिद्ध झालं. ही मुंबई म्हणजे टस्कीगी नव्हे, हेही मी स्वच्छ म्हणतो. इथं कॅन्सर निघालेल्या बाईवर उपचार झाले, कुणाचं औषध अडवून धरलं नाही आणि निकालानंतर दुसऱ्या गटालाही तपासणी द्यायचं संशोधकांनी ठरवलं.

मग माझं भांडण कुठं आहे? या कॅन्सरची पॅप तपासणी जगाला कित्येक दशकं माहीत होती. ज्या देशानं पैसा दिला, त्या देशातल्या बाईला तपासणीविना ठेवून तिचं मरण मोजायची कुणाची छाती झाली नसती. टीकाकारांनी हेच विचारलं. उत्तर काय आलं? भारतात या बायांना नाहीतरी कुठली तपासणी मिळत नाही. इथली रीतच ती. पुन्हा तेच वाक्य! आधी व्यवस्थेनं तुम्हाला उपाशी ठेवायचं आणि मग उपाशी राहणं हीच तुमची रीत आहे म्हणून वहीत लिहून घ्यायचं. त्या वस्त्यांत कोण राहतं, हे या अंकाच्या वाचकाला मी सांगायला नको.

आमचा एक मित्र प्रयोगशाळेत काम करतो. तो म्हणाला, ‘अरे, तुलनेला दुसरा गट नसेल तर निकालावर विश्वास कोण ठेवील? सरकार पैसा कशाच्या जोरावर देईल?’ त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. पेच खराच आहे. पण पेच खरा असला, तर तो त्या बाईसमोर मांडा ना! तिला सांगा की बाई, तुझी चिठ्ठी दुसऱ्या गटात आली. तुला आम्ही तपासणार नाही. पॅप नावाची तपासणी असते, ती हवी असेल तर अमुक इस्पितळात जा. आता सांग, आमच्या कामात येतेस का? अमेरिकेच्या संशोधन-संरक्षण कार्यालयाकडं तक्रार गेली, तेव्हा त्यांचाही शेरा हाच होता की बायांना दिलेली माहिती अपुरी होती. पुरती माहिती नसलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. सावकाराच्या कागदावर आमच्या आज्यानं उठवलेला तो अंगठा.

आणि आता आपल्याविषयी. टस्कीगीत त्या पुरुषांना गोळा करणारी, त्यांच्या घरी जाणारी नर्स काळीच होती. युनिस रिव्हर्स तिचं नाव. लोकांचा विश्वास डॉक्टरांवर नव्हता, तिच्यावर होता. उद्या वस्तीत फॉर्म घेऊन जाणारा तूच असशील, कारण साहेबाला वस्तीची भाषा येत नाही आणि तुला येते. नोकरी सोड, असं मी सांगत नाही. पण फॉर्ममधली शेवटची ओळसुद्धा मोठ्यानं वाचून दाखव. ‘नाही म्हटलंस तरी तुझा इलाज थांबणार नाही’ हे वाक्य गिळू नकोस.

कायदा आहे. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणं प्रत्येक नैतिकता समितीत एक सामान्य माणूस असावाच लागतो, आणि निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे. त्या सामान्य माणसाच्या खुर्चीत आज कोण बसतं? कुणाचे तरी ओळखीतले सद्गृहस्थ? आपल्या शहरातल्या प्रत्येक मोठ्या इस्पितळाला, मेडिकल कॉलेजला हा प्रश्न लेखी विचारा. नावं मागा. ज्या वस्तीवर चाचणी, त्या वस्तीची बाई त्या खुर्चीत बसली पाहिजे, ही मागणी करा. आणि ‘नाहीतरी त्यांना काय मिळणार होतं’ असं कुणी म्हणालाच, तर तिनं तिथल्या तिथं टेबलावर हात आपटून विचारलं पाहिजे: का मिळणार नव्हतं?