परवाना कशाचा?

उपनगरात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी आमच्याकडे एक तक्रार धाडली आहे. त्यांच्या घरातील वातानुकूलन यंत्र गेल्या उन्हाळ्यात थंडावा देईनासे झाले. घरात अंथरुणाला खिळलेली वृद्ध आई. तेव्हा थांबण्यास सवड नव्हती. त्यांनी दुरुस्तीच्या एका कंत्राटदारास बोलावले. त्याच्या कार्डावर ‘सरकारमान्य परवानाधारक’ अशी ठळक अक्षरे होती व त्या अक्षरांवरच त्यांनी विश्वास टाकला. ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगून त्याने गॅस भरला आणि ३,५०० रुपये घेतले. सहा आठवड्यांत यंत्रातून पुन्हा कोमट वारा येऊ लागला. पुन्हा गॅस, पुन्हा ३,५०० रुपये. तिसऱ्या खेपेस कॉम्प्रेसर जळाल्याचे निदान झाले व १४,००० रुपये वसूल झाले. पावती मिळाली नाही, काढलेला जुना भाग दाखवला गेला नाही, यंत्र पंधरा दिवसांत पुन्हा बंद पडले आणि आता तर दूरध्वनीही उचलला जात नाही. ज्याने परवाना दिला त्याच्याकडे दाद मागावी, म्हणून हे गृहस्थ कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आहेत; पण हा परवाना दिला कोणी, हेच त्यांना कोणी सांगू शकत नाही.

एवढ्याशा बाबीसाठी पहिल्या पानावर अग्रलेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. ‘ज्यांना थंड हवेची चैन परवडते, त्यांनी तिचा भुर्दंडही सोसावा,’ असे म्हणणारेही निघतील. परंतु चैनीचा हा मुद्दा आता सरकारच मानीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये या यंत्रावरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला, तो काही श्रीमंतांच्या सोयीसाठी नव्हे. उन्हाळे अधिकाधिक कडक होत चालले आहेत आणि आजारी व वृद्ध माणसांच्या घरी हे यंत्र आता औषधाच्या पंक्तीला बसले आहे. ते हप्त्यावर घेणाऱ्या नोकरदाराला २१,००० रुपये ही रक्कम क्षुल्लक नाही. आणि रकमेहूनही मोठा असा प्रश्न येथे आहे तो शब्दाचा. ‘परवानाधारक’ या शब्दावर विसंबून नागरिक आपल्या घराचे दार उघडतो. त्या शब्दामागे काहीच नसेल तर ते दार कोणाला उघडले जाते?

वस्तुस्थिती अशी आहे की, महाराष्ट्रात वातानुकूलन यंत्र दुरुस्त करण्यासाठी कौशल्याची कसोटी घेऊन दिला जाणारा परवाना सक्तीचा नाही. घरात विजेची जोडणी करावयाची तर परवानाधारक विद्युत कंत्राटदार लागतो. रिक्षा चालवावयाची तर परवाना आणि बिल्ला लागतो. परंतु गॅसने भरलेले, विजेवर चालणारे यंत्र उघडण्यास एक पाना आणि एक पिशवी पुरते. मग कार्डावर परवाना म्हणून मिरवते ते काय? बहुधा दुकानाची ‘गुमास्ता’ नोंदणी, नाहीतर जीएसटीचा क्रमांक. पहिली सांगते की येथे धंदा चालतो. दुसरा सांगतो की येथे कर भरावयाचा आहे. हातात कसब आहे की नाही, याची ग्वाही दोन्हींपैकी एकही देत नाही. ‘अधिकृत’ या बिरुदाचीही तीच गत. कंपनीशी केलेला तो व्यापारी करार असतो. आणि पुष्कळदा तो संपल्यावरही पाटी तशीच राहते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

या अज्ञानाचा फायदा कसा उठवला जातो, हे गॅसच्या उदाहरणावरून कळेल. वातानुकूलन यंत्रातील गॅस मोटारीतील पेट्रोलाप्रमाणे जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्यावाचून, आणि नळ्यांतील हवा व ओल पंपाने ओढून काढल्यावाचून, नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय. किती वजनाचा गॅस भरावयाचा, हे यंत्रावरील पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. तरीही वजनकाटा घेऊन येणारा कारागीर विरळाच. गळती राहिली की गिऱ्हाईक पुन्हा बोलावणार. अज्ञानाला आणि लबाडीला येथे सारखेच उत्पन्न आहे.

शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला मारक म्हणून मागे पडला. नव्या पुष्कळ यंत्रांत येणारा आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे. बंद खोलीत गळती ठेवून तेथेच डागकाम करणारा अशिक्षित हात घरालाही धोका आहे आणि त्या हाताच्या धन्यालाही. आयटीआयमध्ये या विद्येचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. योजना स्तुत्य आहे. परंतु प्रमाणपत्र असणारा आणि नसणारा असे दोघेही तीच पाटी लावून त्याच दाराची घंटा वाजवू शकतात, तोवर शिकण्याची गरज वाटणार तरी कोणाला?

कारागिराची बाजूही येथे सांगितली पाहिजे. पाचव्या मजल्याच्या छज्जावर, कमरेला पट्टा नसताना, भर उन्हात यंत्राचा बाहेरचा भाग उघडून बसणारा तरुण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. पुष्कळदा त्याला महिन्याचा पगार नसतो, खेपेमागे पैसे मिळतात. अपघात झाला तर कंत्राटदार ओळख विसरतो. चार वर्षे घासून काम शिकलेल्या प्रामाणिक माणसाला चार दिवसांच्या उमेदवाराशी भावात स्पर्धा करावी लागते, आणि एकाच्या लबाडीमुळे सारा धंदा बदनाम होतो. खऱ्या परवान्याचा पहिला लाभ ह्याच माणसाला होईल.

असा परवाना ही कविकल्पना नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कंत्राटदारांना परवाने देणारे मंडळ १९२९ पासून आहे. वातानुकूलनाच्या कामाचा वर्ग तेथे वेगळा आहे. अनुभव व परीक्षा यांवाचून परवाना मिळत नाही. कंत्राटदाराला २५,००० डॉलरची हमी द्यावी लागते. गृहसुधारणेच्या करारात आगाऊ रक्कम कामाच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तितकीच घेता येते. लबाडी तेथेही होते, तक्रारी तेथेही होतात. फरक इतकाच की, तक्रारदाराला कोणाचे दार ठोठवावयाचे हे ठाऊक असते आणि त्या दारामागे परवाना काढून घेण्याचा अधिकार असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. परवान्यांचे राज्य या देशाने पुरेसे भोगले आहे. आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक निरीक्षक आणि त्याचे ओले होणारे हात. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. म्हणूनच आमची मागणी मर्यादित आहे. आयटीआय झालेल्यास आणि अनुभवी कारागिरास हातचे काम पाहून, अल्प शुल्कात, राज्याने क्रमांक द्यावा. तो क्रमांक कोणालाही पडताळून पाहता यावा. कामाच्या कागदावर गॅसचे नाव, भरलेले वजन, गळतीची जागा, बदललेला भाग व हमीचे दिवस नोंदवणे सक्तीचे असावे. तक्रार शाबीत झाल्यास क्रमांक स्थगित व्हावा. आणि ज्याला क्रमांक नाही त्याने ‘परवानाधारक’ म्हणवून घेणे हा गुन्हा ठरावा.

तोवर नागरिकाने हात जोडून बसण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील उणीव ही दाद मागण्याजोगी बाब आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. १९१५ हा राष्ट्रीय मदतक्रमांकही आहे. तीन ते पाच महिन्यांत निकाल लागावा असे कायदा म्हणतो. आयोगांपुढील प्रकरणे त्याहून कितीतरी अधिक रेंगाळतात, हे दुखणे सरकारचे आहे आणि ते त्यानेच दूर केले पाहिजे. परंतु आयोगापुढे पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पावती. ती मागताना आपला सुशिक्षित मध्यमवर्ग संकोचतो. ‘कराचे पैसे वाचतात’ म्हणून कित्येकदा स्वतःच ती नाकारतो, आणि मग न्याय मिळत नाही म्हणून हळहळतो. पावतीवाचून दिलेला रुपया हा फसवणाऱ्याच्या हाती आपण होऊन दिलेले अभयपत्र असते.

उन्हाळा दरवर्षी येणार आहे आणि ही यंत्रे घरोघरी वाढणार आहेत. राज्याच्या उद्योग, कौशल्यविकास व ग्राहक संरक्षण या खात्यांनी एकमेकांकडे बोट न दाखवता, पुढील उन्हाळ्यापूर्वी एकत्र बसून ही नोंदणी सुरू करावी. ‘सरकारमान्य’ हा शब्द सरकारचा आहे. तो कोणीही उठून छापावा आणि सरकारने स्वस्थ बसावे, हे सरकारलाच शोभणारे नाही.