विश्लेषण : होपी विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती गावाकडे कशी परतते?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात तीन उंच पठारांच्या आधाराने होपी आदिवासींची बारा गावे वसली आहेत. जमातीची नोंदणीकृत लोकसंख्या साधारण १४ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. एवढ्या लहान समाजाने २००० साली मुलांच्या उच्च शिक्षणासाठी स्वतःचा कायम निधी उभा केला. शिका आणि आपल्या लोकांच्या उपयोगी पडा, ही त्यामागची अपेक्षा. पण शिकलेल्या मुलाने नेमके काय परत करायचे? तो गावी येऊन राहिला तरच हे देणे फिटते का?

होपींचा शिक्षणाशी संबंध कसा आला?

होपी हे मुळात शेतकरी. त्यांचे ओरायबी हे गाव बाराव्या शतकापासून सलग नांदते आहे. इथे वर्षाला जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी माण-आटपाडीत पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरीही सिंचनाशिवाय, काठीने वीतभर ते हातभर खोल खड्डा करून, ते मका पिकवतात.

शाळा मात्र या गावांत सक्ती म्हणून आली. मुलांना सरकारी शाळेत पाठवण्यास आणि जमिनीच्या सरकारी फेरवाटपास विरोध केला म्हणून १९ होपी पुरुषांना १८९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावर कैदेत ठेवण्यात आले. पुढे होपी मुलांना दूरच्या निवासी शाळांत नेले गेले. तिथे त्यांचे केस कापले जात, मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. होपींच्या राखीव क्षेत्रात स्वतःचे हायस्कूल सुरू व्हायला १९८६ साल उजाडले. तोवर वरच्या वर्गांत शिकायचे म्हणजे घर सोडायचे, हेच समीकरण होते.

शिष्यवृत्तीचा निधी कसा चालतो?

नोव्हेंबर २००० मध्ये होपी जमात परिषदेने एक कोटी डॉलर बाजूला काढून ‘होपी एज्युकेशन एन्डाउमेंट फंड’ स्थापन केला. गुंतवणुकीच्या उत्पन्नातून आणि देणग्यांतून विद्यार्थ्यांना मदत करायची, अशी ही रचना. निधीचा कारभार जमातीच्या रोजच्या राजकारणापासून वेगळा ठेवला गेला. परिषदेत सत्ता कोणाचीही आली तरी मुलांच्या पैशाला हात लागू नये, हा हेतू. आदिवासी प्रशासनातील उत्तम प्रयोगांसाठी हार्वर्ड विद्यापीठातील प्रकल्प जो सन्मान देतो, तो या निधीला २००६ मध्ये मिळाला.

हा निर्णय दूरदृष्टीचा का ठरला?

कारण त्या वेळी जमातीची तिजोरी मुख्यतः कोळशावर चालत होती. १९६० च्या दशकात पीबॉडी कंपनीला ब्लॅक मेसा येथील कोळसा काढण्याचे करार झाले. त्यांच्या स्वामित्वधनातून जमातीच्या अंदाजपत्रकाचा सुमारे ८० टक्के भाग येत असे. त्याची किंमतही मोजावी लागली. कोळशाचा चुरा वाहून नेण्यासाठी दशकानुदशके भूगर्भातील गोडे पाणी उपसले गेले. २००५ अखेरीस मोहावी वीज केंद्र बंद झाले, २०१९ मध्ये नवाहो वीज केंद्र आणि त्याला कोळसा पुरवणारी खाणही थांबली. जमातीचे उत्पन्न कोसळले. बरकतीच्या काळात जे शिक्षणासाठी बाजूला ठेवले होते, ते मात्र टिकले.

परतफेड कशाला म्हणायचे?

एमोरी सेकाक्वाप्टेवा (१९२८-२००७) यांचे उदाहरण पाहा. त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि मोठा काळ टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात, गावापासून शेकडो किलोमीटर दूर, काम केले. पण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला सुमारे ३० हजार नोंदींचा होपी शब्दकोश त्यांच्या कष्टांतून साकारला आणि होपींच्या अपील न्यायालयाचे सरन्यायाधीशपदही त्यांनी सांभाळले. ज्या भाषेसाठी मुलांना मार बसत होता, तिला विद्यापीठात बसून त्यांनी कोश दिला. मायकल कोटुट्वा जॉन्सन यांचे काम शेतीतले. ते पिढीजात होपी शेतकरी आहेत आणि ॲरिझोना विद्यापीठातून पीएचडीही केली आहे. पूर्वजांची कोरडवाहू शेती हे अनुभवसिद्ध शास्त्र आहे, हे ते शास्त्रज्ञांच्या भाषेत मांडतात.

सर्वांच्या भल्यासाठी एकत्र येऊन काम करणे, याला होपी भाषेत ‘सुमिनांग्वा’ म्हणतात. या कसोटीवर ही दोन्ही माणसे उतरतात. त्यांनी वर्षातले किती दिवस गावात काढले, हा हिशेब तिथे गौण ठरतो.

मग गावी परतण्याची अट घालावी का?

अटीच्या बाजूने युक्तिवाद आहे. पैसा मर्यादित, गरजा तातडीच्या. होपींच्या काही गावांत नळाच्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले, तेव्हा अभियंत्यांची गरज होती. २०२४ मध्ये होपी, नवाहो आणि सॅन हुआन सदर्न पायूट या जमातींनी पाणीहक्काच्या समझोत्याला संमती दिली. तो अमेरिकी काँग्रेसकडे नेण्यासाठी वकील आणि जलतज्ज्ञ लागतात. शिवाय दवाखान्यांना परिचारिका हव्यात आणि शाळांना होपी बोलणारे शिक्षक हवेत. समाजाच्या पैशावर शिकलेला मुलगा फिनिक्समध्ये स्थिरावला, तर गावाला तोटाच, असे वाटणे साहजिक आहे.

तरीही अट घालू नये, असे माझे मत आहे. ज्या समाजातील मुलांना शिक्षणाच्या नावाखाली घरापासून तोडले गेले, त्यांना शिक्षणाच्याच नावाखाली घराशी जखडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दुसरे कारण व्यवहाराचे. पदवी घेऊन आलेल्या मुलीला गावात नोकरी नसेल, राहायला घर नसेल, तर करारपत्रावरची सही काय कामाची? अपयश व्यवस्थेचे आणि दोष बावीस वर्षांच्या मुलीचा, असे होईल.

पुढे काय करता येईल?

एक संधी चालून आली आहे. ॲरिझोना विद्यापीठाने २०२२ पासून आणि नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाने २०२३ पासून, राज्यातील २२ मान्यताप्राप्त जमातींच्या पदवी विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क उचलण्याच्या योजना आणल्या. या विद्यार्थ्यांपुरता जमातीच्या निधीवरचा भार हलका होऊ शकतो. तो वाचलेला पैसा परतीच्या वाटेवर खर्च व्हावा. म्हणजे उन्हाळी सुट्टीत गावातच पगारी काम द्यावे, पदवीनंतर दोन वर्षांची उमेदवारीची जागा आणि तिच्यासोबत राहण्याची सोय करावी. पुढे दूर नोकरी करणाऱ्यांनाही गावच्या पाणी योजनेत, न्यायालयात किंवा भाषावर्गात सल्लागार म्हणून जोडून घ्यावे.

होपींमध्ये कूळ आईकडून चालते आणि मूल कुठेही राहिले तरी कुळाचेच राहते. शहरांत राहणारे अनेक जण आजही विधी-समारंभांसाठी गाडी काढून पठारावर येतात. घराची ओढ शाबूत आहे. त्यांनी आल्यावर थांबावे असे वाटत असेल, तर थांबण्याजोगे काम आणि छप्पर तयार ठेवण्याची जबाबदारी गावाची आहे.