घरचें आणि दारचें : नवा कॅमेरा घ्यावा कीं न घ्यावा?

आमच्या घरीं कोणतीहि नवी वस्तु आणावयाची झाली म्हणजे रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर एक लहानशी सभा भरत असे. अध्यक्षस्थान अर्थातच मातोश्रींचें; ठराव आम्हीं मांडावा, त्याला विरोध गृहिणीनें करावा आणि उपसूचना चिरंजीवांनीं आणावी, असा जुना परिपाठ होता. एकदां या सभेपुढें नव्या कॅमेऱ्याचा ठराव आला. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत मुलाबाळांचीं व सणावारांचीं छायाचित्रें काढण्याची हौस आहे, तेथें हा प्रश्न केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. म्हणून त्या वेळीं आम्हीं केलेला विचार, आमच्या हातून झालेल्या चुका आणि अखेरीस हातीं लागलेलें सार वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आमच्यापाशीं खिशांत मावेल असा एक डिजिटल कॅमेरा २०१२ सालापासून होता. त्यानें आमची उत्तम सेवा केली. मुंज, सहली, अंगणांतील जास्वंदी, शाळेचें संमेलन, सर्व कांहीं त्यानें टिपलें. त्याच्याविषयीं आमची तक्रार नव्हती. ती उत्पन्न झाली मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं. संध्याकाळीं विजेचे दिवे मालवून एक्याऐंशी निरांजनांनीं त्यांस ओवाळावें, असें सुनांनीं ठरविलें. खोलींत सोन्यासारखा मंद प्रकाश पसरला. मातोश्री पाटावर बसल्या होत्या; धाकट्या नातीनें त्यांच्या कानांत कांहीं सांगितलें आणि त्या खळखळून हंसल्या. तें हंसूं आम्हीं टिपलें, निदान टिपलेंसें आम्हांस वाटलें. रात्रीं संगणकावर पाहतों तों तेरा चित्रांपैकीं एकांतहि मुद्रा स्पष्ट नाहीं. कोठें चेहऱ्याच्या जागीं पुसट पट्टा, कोठें रवा सांडल्याप्रमाणें ठिपकेच ठिपके. असा प्रसंग आयुष्यांत एकदांच येतो, तो पुनः मांडतां येत नाहीं, ही गोष्ट मनाला फार लागली.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं ठराव मांडला. गृहिणी म्हणाल्या, “अहो, नाचतां येईना अंगण वांकडें, असें तर नाहीं ना हें? हात हलला असेल.” चिरंजीव म्हणाले, “बाबा, आतां कॅमेरा घेतो कोण? माझा फोन पुरे आहे.” मातोश्रींचें मत निराळेंच पडलें. त्या म्हणाल्या, “अरे, काय घ्यायचें तें घे; पण फोटो काढतांना जरा माझ्याकडेहि बघत जा. सदा त्या डबीच्या मागें तुझें तोंड!” त्या वेळीं आम्हीं हें हंसण्यावारी नेलें.

तिन्ही आक्षेपांत तथ्य होतें, म्हणून प्रथम दोष कोठें आहे याचा शोध घेणें प्राप्त झालें. दुकानांत गेल्यास पहिला मंत्र ऐकूं येतो तो मेगापिक्सेलचा. आमच्या जुन्या कॅमेऱ्यांत १६ मेगापिक्सेल, म्हणजे चित्राचे एक कोटी साठ लक्ष बिंदु होते. आतां हिशेब पाहा. आठ इंच रुंद व दहा इंच उंच असें चित्र इंचास ३०० बिंदु या उत्तम प्रमाणानें छापावयाचें तर २४०० गुणिले ३०००, म्हणजे बहात्तर लक्ष बिंदु पुरतात. भिंतीवर लावण्याजोग्या चित्रास लागतात त्याच्या दुपटीहून अधिक बिंदु आमच्यापाशीं आधींच होते. तेव्हां बिंदूंची उणीव हें कारण खचित नव्हे. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांत अवघे दहा सहस्र बिंदु होते आणि एक चित्र फितीवर उतरविण्यास तेवीस सेकंद लागत. तेव्हां ती उणीव खरी होती; आज ती उरलेली नाहीं.

उणीव होती ती प्रकाशाची. पाऊस तोच असतां वाटींत थोडें पाणी सांचतें आणि परातींत पुष्कळ. कॅमेऱ्यांतील सेन्सरचेंहि तसेंच आहे. आमच्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारें ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाहूनहि लहान. एपीएस-सी या नांवानें ओळखला जाणारा मध्यम सेन्सर सुमारें २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर असतो; त्याचें क्षेत्रफळ सुमारें तेरा पट भरतें. चित्रांतील रवा मुख्यतः प्रकाश अपुरा सांचल्यानें दिसतो. आयएसओचा आंकडा वाढविल्यानें चित्र उजळतें खरें, परंतु नसलेला प्रकाश त्यानें उत्पन्न होत नाहीं.

दुसरी गोष्ट लेन्सची. लेन्सवर जो एफ म्हणून आंकडा असतो तो जितका लहान, तितकें तिचें दार मोठें. जुन्या कॅमेऱ्यांत दूरचें जवळ आणूं गेलें कीं हा आंकडा ५.६ च्या घरांत जाई. एफ १.८ ची लेन्स त्याच्या नऊ-साडेनऊ पट प्रकाश आंत घेते. याचा अर्थ असा कीं, जेथें जुन्या कॅमेऱ्याचें शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडें राही, तेथें नव्याचें सेकंदाच्या सव्वाशेंव्या भागांत काम उरकतें. हंसणारें माणूस पंधराव्या भागांत हलतें, सव्वाशेंव्या भागांत बहुधा हलत नाहीं. गृहिणींचा आक्षेप येथें अर्धा खरा ठरला; आमचा हात थोडा हलला असेल, परंतु मातोश्रीहि हलल्या होत्या, आणि तें हलणें म्हणजेच तर तें हंसूं होतें.

आतां फोनची गोष्ट. अंधाऱ्या जागीं फोन झटपट अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करतो, आणि समोरची वस्तु स्थिर असेल तर त्याचें काम थक्क करण्याजोगें असतें. देवघर, रांगोळी, ताट, दिवाळीचा आकाशकंदील यांसाठीं आम्ही आजहि फोनच वापरतों. दुडदुडणारें मूल किंवा मान डोलावणारी आजी समोर आली म्हणजे मात्र त्याचा हा हिशेब पुष्कळदां चुकतो. ज्यांचें समाधान फोनच्या चित्रांनीं होतें, त्यांनीं नव्या कॅमेऱ्याच्या भरीस मुळींच पडूं नये, असेंच आम्ही सांगूं.

सभेनें अखेर असा ठराव केला कीं, आधीं उसना कॅमेरा आणून पाहावा. एका स्नेह्यानें आपला मिररलेस कॅमेरा आठ दिवस दिला. ज्या खोलींत ओवाळणें झालें त्याच खोलींत, निरांजन लावून, आम्हीं नातीचीं चित्रें घेतलीं. फरक चष्मा लावल्यासारखा दिसला. मग विकत घेतांना एक पथ्य पाळलें. नव्यांत नवा साचा न घेतां एक पिढी मागचा घेतला आणि वांचलेला पैसा लेन्सवर घातला. कॅमेऱ्याच्या नव्या आवृत्त्या सारख्या येत राहतात. चांगली लेन्स मात्र त्या जातीच्या पुढील कॅमेऱ्यासहि बहुधा चालते.

यंत्र आलें म्हणून विद्या आली असें मात्र नाहीं. पहिल्याच रविवारीं सर्व कुटुंबाचें चित्र घेतलें, तों मधोमध बसलेल्या मातोश्री रेखीव आणि मागें उभे असलेले वडील बंधु धुक्यांत! लेन्सचें दार पूर्ण उघडलें असतां फोकसची खोली अतिशय कमी होते, हें पुस्तकांत वाचलें होतें, पण हातांत मुरलें नव्हतें. समूहचित्र घेतांना आंकडा ५.६ किंवा ८ वर न्यावा व प्रकाशासाठीं मंडळींस ओसरीवर बसवावें, हें त्या दिवसापासून शिकलों. दुसरी अडचण वजनाची. जड वस्तु कपाटांत राहते आणि कपाटांतल्या कॅमेऱ्यानें आजवर एकहि चित्र काढलेलें नाहीं. आमचा महिनाभर पिशवींतच होता, हें कबूल केलें पाहिजे.

या संदर्भांत दादासाहेब फाळके यांची आठवण होते. १९१२ सालीं ते लंडनला गेले व तेथून विल्यमसन बनावटीचा चलत्-चित्रांचा कॅमेरा त्यांनीं मागविला. एवढें मोलाचें यंत्र हातीं आल्यावर त्यांनीं राजवाडे शोधले नाहींत. कुंडींत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर कसा वाढतो हें दिवसामागून दिवस चिकाटीनें टिपलें. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तो त्यानंतर, १९१३ सालीं. नवें यंत्र घेणाऱ्या प्रत्येकानें आधीं आपल्या घरची कुंडी पाहावी, असें आम्हांस वाटतें.

आम्हींहि मग तोच क्रम धरला. रोज संध्याकाळीं देवापुढें दिवा लागला कीं चार चित्रें घेऊं लागलों. मातोश्रींस त्याची संवय झाली व त्या कॅमेऱ्याकडे पाहीनाशा झाल्या. आम्हींहि त्यांचें बोलणें स्मरून डोळ्यापुढची डबी मधून मधून खालीं ठेवूं लागलों. आधीं चार शब्द बोलावे, मग चित्र घ्यावें. चित्रें थोडीं निघूं लागलीं, पण बरीं निघूं लागलीं.

पुढच्या पौषांत मातोश्री गेल्या.

आज आमच्या बैठकींत त्यांचीं दोन चित्रें आहेत. एक सकाळीं खिडकीशीं बसून वाती वळतांनाचें. तें जुन्या कॅमेऱ्यानें घेतलेलें आहे, आणि खिडकीचा उजेड इतका सुरेख आहे कीं त्यांत कांहीं उणें आहे असें कोणासहि वाटत नाहीं. दुसरें तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळचें. हातांत निरांजन, समोर नात, आणि मुद्रेवर तें हंसूं. तें नव्या कॅमेऱ्यावांचून मिळतें ना. एक्याऐंशी दिव्यांचें तें पहिलें हंसूं मात्र कोठेंच नाहीं.

तेव्हां आमचा निष्कर्ष एवढाच. “माझ्यापाशीं असलेल्या कॅमेऱ्यामुळें अमुक एक चित्र हातचें गेलें,” असें ज्यास बोट ठेवून सांगतां येईल, त्यानें नवा कॅमेरा अवश्य घ्यावा. ज्यास तें सांगतां येत नाहीं, त्यानें खुर्ची खिडकीशीं ओढावी आणि आहे त्यावरच आणखी वर्षभर हात बसवावा. आणि दोघांनींहि चित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवून, वर्षाकांठीं दहा-वीस तरी कागदावर छापून घ्यावीं. घरांतील वडील मंडळींस तीं फोनवर सरकवून पाहतां येत नाहींत. त्यांस तीं हातांत धरावयाचीं असतात.