पाण्याखालचं शेत

केरळच्या सहलीच्या जाहिरातीत एक फोटो हमखास असतो. संथ पाणी, काठावर झुकलेले माड आणि मधोमध चटईच्या छपराची हाऊसबोट. फोटो खरा आहे, मन निववणाराही आहे. फक्त तो बोटीच्या डेकवरून काढलेला असतो आणि तिथून माडांच्या रांगेपलीकडचं दिसत नाही. पलीकडे भातशेती आहे, आणि ती आपल्या बोटीखालच्या पाण्याच्याही खालच्या पातळीवर आहे.

अलप्पुझाच्या पूर्वेला कैनकरीच्या बाजूला बांधावरून चालत होतो, तेव्हा हे पहिल्यांदा नीट कळलं. डाव्या हाताला कालवा, पाणी बांधाच्या माथ्यापासून जेमतेम वीतभर खाली. उजव्या हाताला बघायचं तर मान खाली घालावी लागत होती, इतकं खोल ते हिरवं पीक. मधल्या अरुंद मातीच्या पट्ट्यावर घरं, केळी, माड, कपडे वाळत टाकलेल्या दोऱ्या, एक किराणा दुकान. इथली माणसं बांधावरच राहतात, कारण कोरडी जमीन तेवढीच आहे. कुट्टनाड नावाच्या या भागातली ही शेती समुद्रसपाटीपासून साधारण अर्धा ते दोन मीटर खाली चालते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३मध्ये तिला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

पंपा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनाचिल या नद्या इथे वेंबनाड सरोवराला येऊन मिळतात. पावसाळ्यात त्यांचं पाणी शेतांवर चढतं आणि जाताना गाळ सोडून जातं. पाऊस ओसरला की उपसा सुरू होतो. एका बांधाच्या आतल्या सगळ्या शेतांना मिळून पाडशेखरम म्हणतात. उपसा कधी सुरू करायचा, पेरणी कधी, खर्च कसा वाटायचा, हे त्या शेतकऱ्यांची समिती ठरवते. तिथे कोणालाही एकट्याचं शेत कोरडं करता येत नाही आणि एकट्याचं वाचवताही येत नाही.

उपशाचं यंत्र मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं. ‘पेट्टी आणि परा’ म्हणतात त्याला. परा म्हणजे उभा लाकडी नळा, त्याच्या आत फिरणारा पंखा, वर मोटरचा पट्टा. पंखा शेतातलं पाणी वर खेचतो आणि ते एका आडव्या लाकडी पेटीतून धो धो कालव्यात पडतं. मोटरच्या खोपीतला माणूस पेटीच्या तोंडाशी अडकलेली जलपर्णी काठीने सारखा बाजूला करत होता. अंगावर उडणाऱ्या पाण्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. ही यंत्रं येण्याआधी हेच काम लाकडी चक्रांवर व्हायचं. मजूर पायांनी ती चक्रं रात्रंदिवस फिरवायचे. सरोवराच्या तळातून चिखल काढून बांध घालणारेही तेच, आणि त्यांतले बहुतेक पुलया आणि इतर दलित जातींतले. १९४०च्या दशकात जोसेफ मुरिक्कन यांनी सरोवर हटवून चित्तिरा, मार्तांडम आणि राणी ही विस्तीर्ण शेतं काढली. त्यांचं नाव आजही घेतलं जातं. चिखलात बुड्या मारणाऱ्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. कुट्टनाडचेच पुत्र तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी ‘रंडिडंगळी’ या १९४८च्या कादंबरीत या मजुरांचं जगणं मांडलं. मला ते या प्रदेशाचं सर्वांत प्रामाणिक प्रवासवर्णन वाटतं.

मी रायगडच्या खारपट्ट्यातला. त्यामुळे बांध, उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार, खांड म्हणजे बांधाला पडलेली फूट, हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. भरतीचं पाणी रोखून भात पिकवायची विद्या आपल्याकडेही होती, गोव्याच्या खाजण शेतीत तर ती फार जुनी आहे. अलिबाग-पेणच्या बाजूला गावकरी एकत्र येऊन श्रमाने बांध राखायचे, त्या पद्धतीला जोळ म्हणत. जोळ मागे पडली, खांडी वेळेवर बुजवल्या गेल्या नाहीत आणि कितीतरी पिकती शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. आज तिथे कांदळवन उभं आहे. कुट्टनाडातही बांध फुटतात, ऑगस्ट २०१८च्या महापुरात तर बहुतेक वस्ती बोटींनी बाहेर काढावी लागली होती. पण पाणी उतरल्यावर माणसं परतली, पुन्हा उपसा केला आणि पेरणी केली. त्या बांधावर उभं राहून मला त्यांचा हेवा वाटला.

हाऊसबोटीलाही कष्टाचाच इतिहास आहे. तिचं मूळ केट्टुवळ्ळम, म्हणजे भात आणि काथ्या वाहून नेणारा पडाव. आंजिली लाकडाच्या फळ्या एकही खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने शिवायच्या, फटीत नारळाचा काथ्या ठासायचा. रस्ते झाले, ट्रक आले आणि हे पडाव बसून राहिले. १९९०च्या दशकात त्यांवर खोल्या चढवून पर्यटकांना फिरवायला सुरुवात झाली. त्यातून हजारो घरांची चूल पेटते, हे मान्य करायलाच हवं. मात्र आज धावणाऱ्या बोटींपैकी कितीतरी तरंगती हॉटेलंच आहेत. रात्रभर जनरेटर, डिझेलचा तवंग आणि सांडपाणी. त्याच कालव्यात काठावरच्या बायका भांडी घासतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट नांगरावी लागते, याबद्दल आपली मंडळी कुरकुर करताना दिसतात. रात्र ही तिथल्या मच्छीमारांची जाळी लावायची वेळ आहे. नियम अगदी योग्य आहे.

पाण्यावरून भांडण तिथेही आहे, आणि त्यात मला कोणा एकाची बाजू घेता येत नाही. तण्णीरमुक्कम इथे सरोवर अडवणारा सव्वा किलोमीटरचा बंधारा १९७०च्या दशकात उभा राहिला. उन्हाळ्याच्या तोंडावर समुद्राचं खारं पाणी आत शिरतं, ते रोखण्यासाठी डिसेंबरच्या सुमारास त्याची दारं बंद करतात. भाताचं पीक वाचतं. पण दारांमागचं पाणी साचून राहतं, आणि खाऱ्या पाण्याने मरणारी जलपर्णी बेसुमार फोफावते. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी अंडी घालायला खाडीच्या निमखाऱ्या पाण्याकडे जाते, तिची वाट अडते. म्हणून कापणी होईपर्यंत दारं बंद हवीत असं शेतकरी म्हणतात, आणि ती लवकर उघडा असं मच्छीमार म्हणतात. वेंबनाडला २००२मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला, तरी दारं कधी उघडायची हा तंटा दर वर्षी नव्याने उभा राहतो.

आपल्याकडून तिथे जाणं सोपं आहे. कोकण रेल्वेवरून जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस थेट अलप्पुझाला थांबते. तिथे उतरल्यावर आधी राज्य जलवाहतूक विभागाच्या धक्क्यावर जा आणि नेडुमुडी, कावालम किंवा कोट्टयमच्या बोटीत बसा. तिकीट काही रुपयांचं. शेजारी शाळेची मुलं, माशांची पाटी घेतलेली एखादी चेच्ची, म्हणजे ताई, गॅसचं सिलिंडर नेणारा गडी. बोट या काठावरून त्या काठावर धक्के घेत जाते, कंडक्टरची घंटा वाजते आणि कोणीतरी आपल्या दारातच उतरतं. याच खात्याने २०१७मध्ये वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर ‘आदित्य’ ही देशातली पहिली सौरऊर्जेवरची प्रवासी बोट सुरू केली.

हाऊसबोटीत राहायचंच असेल, तर जरूर राहा. पण एक रात्र तरी बांधावरच्या एखाद्या घरी मुक्काम करा आणि घरमालकाला पाडशेखरम दाखवायला सांगा. दिवाळीनंतर गेलात तर उपसा आणि पेरणी बघायला मिळेल, फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी. आणि हाऊसबोट ठरवताना, एसी आहे का हे विचारण्याआधी, सांडपाण्याची टाकी आहे का आणि ती कुठे रिकामी करता, हे विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर ती बोट घेऊ नका.