संपादकीय : पाहुण्यांचं मराठी?

‘तुमचं मराठी किती छान आहे!’ नाशिकमध्येच जन्मलो, शिकलो, तरी हे कौतुक मला अजून ऐकावं लागतं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण मी पाहुणा ठरतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. हमीद दलवाईंची ‘इंधन’ कादंबरी १९६५ साली आली. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं.

हा नवा साहित्य अंक त्याच वाटेवरचा. यात घरची दखनी आहे, शाळेतलं मराठी आहे आणि घरात विचारायचे राहून गेलेले प्रश्नही. वाचा. पटलं नाही तर भांडा, पण लिहून. आपल्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं; आपण लिहिलेलं फार थोडं आहे.