पोकलेनवरचा कामगार कोणाचा?

समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. श्रेयाची वाटणी त्यापूर्वीच होऊन गेली होती. वैजापूर, गंगापूर आणि छत्रपती संभाजीनगर या तालुक्यांतून ज्यांनी मुरूम उपसला, भराव घातले, थरावर थर दाबून रस्ता पुढे नेला, त्या पोकलेन, डोझर, ग्रेडर आणि रोलर चालविणाऱ्यांचा या वाटणीत उल्लेखही नव्हता. काम संपताच यंत्रे ट्रेलरवर चढून दुसऱ्या कामावर गेली. काही चालक त्यांच्यामागे गेले, काही गावी परतले. आता याच चालकांविषयी एक नवी चर्चा कानी येऊ लागली आहे. हे यंत्र उद्या चालकाविनाच चालणार असेल, तर या माणसांनी जायचे कोठे?

प्रश्न रास्त आहे. मात्र मराठवाड्यात तो प्रथमच उपस्थित होत आहे असे कोणी समजू नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. बायाबापड्यांनी खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खणले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली तो संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम हातांनी व्हावे, यंत्राने माणसाची मजुरी हिरावू नये, हे त्या योजनेचे सूत्र होते. आणि तिचा पैसा शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून उभा राहिला, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे. योगायोग असा की, त्याच १९७९ साली हरियाणातील बल्लभगड येथे जेसीबी कंपनीने भारतात पाय रोवला. पुढच्या ४० वर्षांत या दोहोंपैकी कोण जिंकले हे सांगावयास नको. २०१४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाले खोल करण्याचे काम गावोगाव पोकलेननेच झाले. पिढ्यान्‌पिढ्या गाढवांवर माती वाहणारा आणि ब्रासच्या मापाने मजुरी घेणारा माती वडार त्या नाल्याच्या काठावर प्रेक्षक म्हणून उभा राहिला. त्याच्यासाठी ना सभा झाली, ना मोर्चा निघाला.

आज यंत्राच्या खुर्चीवर बसलेल्यांत अल्पभूधारकांची व भूमिहीनांची मुले आहेत, वडारांचीही आहेत, बिहार-झारखंडातून आलेलेही आहेत. शंभर हातांचे काम गिळून जी एक खुर्ची निर्माण झाली, तीही आता रिकामी होणार काय, एवढाच प्रश्नाचा नवा भाग.

जगात काय चालले आहे ते पाहू. चिलीतील एका तांब्याच्या खाणीत आणि ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागाच्या लोखंडाच्या खाणींत २००८ पासून चालकाविना अजस्र डंपर धावू लागले. पिलबारातील डंपरांवर सुमारे १५०० किलोमीटरवरील पर्थ शहरातून नजर ठेवली जाते. जपानने २०१६ साली बांधकाम क्षेत्रासाठी सरकारी धोरणच आखले. तेथील नारुसे धरणाच्या कामावर डंपर, डोझर आणि रोलर ही यंत्रे एकमेकांच्या मेळाने आपोआप चालविली गेली. परंतु हे जेथे घडले तेथील कारणे ध्यानात घेतली पाहिजेत. जपानचा बांधकाम कामगार म्हातारा झाला आहे, त्याच्या जागी तरुण मिळत नाही. ऑस्ट्रेलियात मजुरी चढी आहे आणि खाणी वस्तीपासून शेकडो मैल दूर. मराठवाड्यात यातले एकही कारण नाही. येथे माणूस स्वस्त आहे, आणि जेथे माणूस स्वस्त तेथे त्याला हटविण्याची घाई भांडवलाला नसते.

तेव्हा उद्या सकाळीच खुर्च्या रिकाम्या होतील ही भीती अनाठायी आहे. गुंठेवारीच्या अरुंद बोळात, वर विजेच्या तारा, खाली कोणत्याही नकाशावर नसलेली पाण्याची नळी, समोर हुज्जत घालणारा शेजारी, अशा ठिकाणी पाया खणणाऱ्या जेसीबीवाल्याची जागा घेणारे यंत्र नजीकच्या काळात तरी दिसत नाही. धोका आहे तो मोकळ्या, सरळ, एकाच तऱ्हेच्या कामावर. लखनौ-कानपूर या ६३ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर केंद्रीय रस्ते मंत्रालयाने उपग्रहाच्या आधाराने पाते वरखाली करणारे ग्रेडर आणि माती किती दबली हे स्वतःच नोंदविणारे रोलर वापरात आणले. हीच पद्धत उद्या महाराष्ट्रातील रस्त्यांवर येईल.

आणि खरा घाव येथेच बसणार आहे. या यंत्रात चालक राहतोच. जाते ते त्याचे कसब. नजरेने उतार ओळखून रस्त्याला नेमकी पाठ काढणारा ग्रेडरवाला हा या धंद्यातला उस्ताद. ते कसब यायला वर्षे जातात, म्हणून कंत्राटदार त्याला राखून असतो आणि पगाराच्या बाबतीत त्याला थोडीफार मान वर करता येते. पाते उपग्रह सांभाळू लागला की त्या खुर्चीवर थोड्या दिवसांच्या शिकाऊ पोरालाही बसविता येईल. काम राहील, किंमत राहणार नाही. गिरणीतल्या विणकराचे, छापखान्यातल्या खिळे जुळविणाऱ्याचे हेच झाले. दरम्यान, दुसरे एक यंत्र मुकाट्याने येऊन बसलेही आहे. इंजिन किती तास चालले, किती तास नुसतेच धडधडत राहिले, डिझेल किती जळले, यंत्र कोठे उभे आहे, हे सारे मालकाला घरबसल्या मोबाइलवर दिसते. पूर्वी मुकादम निदान जेवायला तरी उठत असे.

या नवतेला सरसकट विरोध करणे मात्र समाजवाद्यांना शोभणारे नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात याच महामार्गावर गर्डर चढविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. जेथे दरड, सुरुंग वा उंची जिवावर बेतते, तेथे माणूस दूर बसून यंत्र चालवील तर ते इष्टच आहे. वाद यंत्राशी नाही, यंत्राने वाचविलेला पैसा कोणाच्या खिशात जातो याच्याशी आहे.

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ मध्ये संगणकीकरणाबाबत व्यवस्थापनांशी करार केला. त्या कराराचे गुणदोष काहीही असोत, तो करता आला याचे कारण त्या कर्मचाऱ्यांची नावे हजेरीपटावर होती. पोकलेनवाल्याचे नाव कोठे आहे? बहुतेकांजवळ नेमणुकीचा कागद नाही. हेल्पर म्हणून जेवणखाणावर राबून तो धंदा शिकतो, एका मालकाकडून दुसऱ्याकडे, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, उपकर बसला, महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळही आले. पण ९० दिवसांच्या कामाचा दाखला या भटक्या चालकाला द्यायचा कोणी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. नावे बदलली, दाखल्याची अडचण तीच राहिली.

या दुर्लक्षात चळवळीचाही वाटा आहे. यंत्रावरचा माणूस हा मालकाचा माणूस, अशी समजूत कार्यकर्त्यांत रूढ आहे. मालक म्हणजे तरी कोण? अनेक ठिकाणी तो जमीन गहाण टाकून एकच जेसीबी घेतलेला गावातलाच तरुण असतो. हप्ता थकला की वित्त कंपनी यंत्र ओढून नेते. त्याला भांडवलदार म्हणावे की कामगार, यावर अभ्यासवर्गात रात्री जागविता येतील; तोवर त्याचा चालक दिवसाचे बारा तास राबतच असतो.

उपाय महाराष्ट्राच्या परंपरेतच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने रोज मालक बदलणाऱ्या हमालाला मंडळ दिले. कामगार व मालक दोघांची नोंद झाली, आणि मजुरीवर लेव्ही लावून भविष्यनिर्वाह निधी व रजेची तरतूद झाली. यंत्रचालकांसाठी त्याच धर्तीचे मंडळ का नसावे? लेव्ही यंत्राच्या तासावर बसवावी. तास मोजण्याची सोय मालकांनी स्वतःच करून ठेवली आहे; जे उपकरण चालकावर पाळत ठेवते, तेच त्याच्या निधीचा हिशेबही ठेवील. शहरी पगारदाराच्या करातून दुष्काळी मजुराला काम देता आले, तर उपग्रहावर चालणाऱ्या ग्रेडरच्या तासातून जुन्या ग्रेडरवाल्याला पगारी प्रशिक्षण देणे अशक्य नाही. सरकारी रस्त्याच्या प्रत्येक निविदेत अट हवी की, नव्या यंत्रावर पहिला हक्क त्याच कामावरील जुन्या चालकाचा, आणि यंत्र सोपे झाले म्हणून त्याचा पगार उतरणार नाही.

ही मागणी मुंबईत निवेदन देऊन पुरी होणार नाही. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात टोयोटा किर्लोस्करसारख्या कंपन्यांनी २०२४ पासून प्रकल्प जाहीर केले आहेत. त्यांच्या आधी तेथे पोहोचतात ती पोकलेन आणि रोलर. संध्याकाळी यंत्रे थांबली की चालक नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटतात. नाव, गाव, यंत्र, मालक आणि कामाचे दिवस एवढे पाच रकाने असलेली वही घेऊन शहर शाखेच्या कार्यकर्त्यांनी तेथे बसावे. ९० दिवसांचा दाखला ज्या चालकाला मिळत नाही, त्याच्या कामाचा पहिला लेखी पुरावा त्या वहीत तयार होईल.