विचारता, मग उत्तरही द्या



समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात 'गरजांची पाहणी' कशी करायची ते मला शिकवलं. मात्र फॉर्म भरून घेतल्यावर त्या बाईकडे परत जाऊन तिच्या म्हणण्याचं काय झालं ते सांगायचं असतं, हे कुणी शिकवलं नाही. मीही कितीतरी फॉर्म भरून घेतले आणि परत गेले नाही. तेव्हा हा आरोप माझ्यावरही आहे.

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्या पाहा. म्यानमारच्या सैन्याच्या अत्याचारांमुळे ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तिथे आले. जगभरातून मदत आली, तिने जीव वाचले, हे मान्यच. पण घाईघाईत उभारलेले संडास कुठे असावेत, आतून कडी आहे का, वाटेवर उजेड आहे का, हे ठरवताना बायकांना कुणी विचारलं? बायकांनी स्वतःच तोड काढली: कमी खायचं, कमी प्यायचं, म्हणजे जावंच लागणार नाही. अहवालात संडासांची संख्या छापली जाते. ही उपासमार छापली जात नाही.

न विचारताही लोक बोलले. नोव्हेंबर 2018 मध्ये नव्या ओळखपत्रांविरुद्ध रोहिंग्यांनी हरताळ पाळला. मागणी साधी होती: कार्डावर आमची ओळख 'रोहिंग्या' अशी लिहा, आणि आमची माहिती म्यानमारला देऊ नका. जून 2021 मध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच'ने जाहीर केलं, की ही माहिती पुरेशी संमती न घेता गोळा झाली आणि बांगलादेशमार्फत म्यानमारला गेली. संमती घेतली होती, असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था म्हणते. ज्यांच्यापासून पळून आलो त्यांच्याच हाती आपली यादी! भीती आधीच बोलून दाखवली होती, तिचं काय झालं?

2023 मध्ये देणगीदारांचे पैसे आटले आणि माणशी महिन्याचा शिधा 12 डॉलरवरून मार्चमध्ये 10 वर, जूनमध्ये 8 वर आला. 2024 मध्ये तो पुन्हा वाढला. कापला तेव्हाही निर्णय दूर कुठेतरी झाला, वाढला तेव्हाही. चुलीपुढच्या बाईला फक्त आकडा कळला.

"लाखो लोकांना विचारत बसलो तर अन्न कधी वाटणार?" असं म्हणतात. पहिल्या आठवड्यात हे पटतं. सहाव्या वर्षी? आणि तक्रारपेटी ठेवली म्हणून काय झालं? रोहिंग्या भाषा मुख्यतः बोलण्याची. अनेक बायकांना लिहिता-वाचता येत नाही. चिठ्ठी कोण लिहिणार?

ज्या ऐकण्याने निर्णय बदलू शकत नाही, ते ऐकणं नव्हे. ती माहितीची वसुली आहे. निर्णयाच्या बैठकीत विस्थापित बायका हव्यात, त्यांच्या भाषेत, नकार देण्याच्या अधिकारासह. आणि फॉर्म भरून घेणारीने उत्तर घेऊन परत जायलाच हवं.

आपल्या संघटनेच्या कपाटातही भरलेले फॉर्म आहेत. पुढचा फॉर्म छापण्याआधी ते बाहेर काढू या.